हंगाम पाहून शिकवा: हिंगोली जिल्ह्यातील कामकरी प्रौढांच्या शिक्षणाचा आढावा

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या एका निकालामुळे सेवेतल्या असंख्य शिक्षकांना पुन्हा विद्यार्थी व्हावे लागले. ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरला आहे, त्यांनी दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, उत्तीर्ण व्हायची, असा तो निकाल. सेनगाव किंवा औंढा तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत वीस-पंचवीस वर्षे शिकवलेले गुरुजी दिवसभराचे वर्ग, शालेय पोषण आहाराच्या नोंदी आणि ऑनलाइन माहिती भरण्याचे काम उरकून रात्री बालमानसशास्त्राचे पुस्तक उघडणार. निकाल योग्य की अयोग्य, हा वाद इथे बाजूला ठेवतो. त्यातून एक प्रश्न मात्र ठळकपणे समोर येतो. काम करणाऱ्या माणसाने शिकावे असे सगळ्यांनाच वाटते, पण त्यासाठीचा वेळ त्याने कुठून आणायचा, हे फारसे कोणी विचारत नाही. शिक्षकाला निदान ठरलेला पगार आणि ठरलेली सुट्टी आहे. हळद काढणाऱ्या मजूर बाईला, ट्रॅक्टर चालवणाऱ्या तरुणाला, ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला दोन्ही नाही.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे त्याचे पाच तालुके. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेबारा लाख आणि शंभरातली सुमारे पंच्याऐंशी माणसे खेड्यात. साक्षरता ७८ टक्क्यांच्या आसपास, आणि त्यात बायका पुरुषांच्या बऱ्याच मागे. मोठे कारखाने थोडे. सोयाबीन, कापूस, तूर, हरभरा आणि हळद यांवर घर चालते. पाणी असेल तिथे ऊस. कळमनुरी तालुक्यात आदिवासी वस्ती मोठी आहे, बंजारा तांडे जिल्हाभर आहेत. काम आहे ते बहुतेक हंगामी आहे, आणि माझ्या मते या जिल्ह्यातल्या प्रौढशिक्षणाचे सगळे यश-अपयश या एका गोष्टीभोवती फिरते.

महाराष्ट्राला कामकऱ्यांच्या शिक्षणाची मोठी परंपरा आहे, पण ती घडली शहरात. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली पुण्यात मजूर आणि शेतकऱ्यांसाठी रात्रशाळा सुरू केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावे म्हणून वर्ग सकाळी ठेवले. १९६७ साली वरळीला श्रमिक विद्यापीठ निघाले, त्याचेच रूप पुढे जन शिक्षण संस्थान म्हणून देशभर गेले. या तिन्ही ठिकाणी शिकवणाऱ्यांनी आधी शिकणाऱ्याच्या कामाचे घड्याळ पाहिले आणि मग वर्गाची वेळ ठरवली. गिरणीच्या पाळीला आणि कचेरीच्या वेळेला जुळणारे शिक्षण त्यांनी उभे केले.

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामी राजवटीत होता. तोवर इथे उच्च शिक्षण म्हणजे हैदराबाद आणि तेही मुख्यतः उर्दूतून. मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली आले, नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ तर १९९४ साली. ज्या पिढीला तरुणपणी कॉलेज दिसलेच नाही, ती पिढी इथे मोठी होती. त्यांच्यासाठी जे आले ते साक्षरतेच्या मोहिमांतून आले. साताऱ्यात १९५९ साली सुरू झालेली ग्रामशिक्षण मोहीम पुढे राज्यभर पसरली. गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ व्हायचा. २ ऑक्टोबर १९७८ पासून राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम आला, मे १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता मिशन आले. कंदिलाच्या उजेडातले प्रौढ शिक्षणाचे वर्ग अजून अनेकांच्या आठवणीत आहेत. त्यातून लाखो माणसे सही करायला शिकली, हे काम थोडे नव्हे. पण समारंभ झाला की शिक्षक दुसऱ्या गावी गेला, गावात वाचायला काही उरले नाही, आणि अक्षरे पुन्हा पुसट झाली. साक्षर भारत कार्यक्रमात गावोगावच्या लोकशिक्षण केंद्रांवर दोन हजार रुपये मानधनावर प्रेरक नेमले होते. मार्च २०१८ मध्ये तो कार्यक्रम बंद झाला आणि प्रेरकही घरी गेले.

आता २०२२ ते २०२७ या काळासाठी ‘उल्लास’, म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रम, चालू आहे. पंधरा वर्षांवरील असाक्षरांसाठी असलेल्या या कार्यक्रमात अक्षरओळखीबरोबर जीवनकौशल्ये, व्यवसायशिक्षण आणि निरंतर शिक्षण हेही भाग आहेत. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान अशी दीडशे गुणांची चाचणी असते. महाराष्ट्रातली पहिली चाचणी १७ मार्च २०२४ रोजी, रविवारी झाली. सरकारी दृष्टीने रविवार म्हणजे सोयीचा दिवस. हिंगोलीत मात्र मार्चचा मध्य म्हणजे हळदीची काढणी आणि शिजवणी जोरात, आणि ऊसतोडीला गेलेली माणसे अजून परतायची असतात. आठवड्यातला वार सोयीचा निवडला, महिना मात्र तसा निवडला गेला नाही.

हीच अडचण दहावी-बारावीची. अर्धवट सुटलेली शाळा पुरी करायची तर मराठी माणूस सतरा नंबरचा फॉर्म, म्हणजे खासगी परीक्षार्थीचा अर्ज, भरतो. मंडळाची मुख्य परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. गावातली सून, जी लग्नामुळे नववीत थांबली, ती याच दोन महिन्यांत पहाटेपासून हळदीच्या शेतात असते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशी वर्षातून दोनदा होते, विषय एकेक करून काढता येतात. अशा बाईला हा मार्ग किती तरी सोपा पडेल. पण तालुक्याच्या गावात तो सांगणारा माणूस भेटणे कठीण. आणि दहावी-बारावी आता नुसती हौस राहिलेली नाही. अंगणवाडीतल्या नव्या भरतीला बारावी लागते, बचत गटाच्या कामातही हिशेब आणि मोबाइलवरचे अर्ज आले. वयाच्या पस्तिशीत शाळा पुरी करू पाहणाऱ्या बाईसमोर नोकरीचा प्रत्यक्ष दरवाजा आहे.

पदवीच्या बाबतीत यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने जे केले, त्याचे ऋण या भागाने मानायला हवे. जुलै १९८९ मध्ये नाशिकला हे विद्यापीठ स्थापन झाले, राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. स्वतः वाचून समजेल अशी मराठी पुस्तके, जवळच्या महाविद्यालयातले अभ्यासकेंद्र, सुट्टीच्या दिवशी संपर्कसत्र आणि घरी लिहायचे स्वाध्याय, अशी त्याची पद्धत. बारावी न झालेल्यांसाठीही पूर्वतयारी शिक्षणक्रमाची वाट त्याने काढली होती. होमगार्ड, एसटीचे वाहक, ग्रामपंचायतीचे शिपाई, दुकानात बसणारी मुले, लग्न झालेल्या मुली, अशा कितीतरी जणांच्या घरी पहिली पदवी या विद्यापीठाची आहे. विद्यापीठाने शेतीचे आणि फलोत्पादनाचे अभ्यासक्रमही काढले. लोक अजून ‘बाहेरून बी. ए. केलं’ असे जरा खालच्या सुरात म्हणतात. दिवसा नोकरी आणि रात्री अभ्यास करून मिळवलेल्या पदवीला कमी लेखणे मला अन्यायाचे वाटते. उणे आहे ते वेगळ्या ठिकाणी: संपर्कसत्रे अनेकदा नाममात्र होतात, विद्यार्थी परीक्षेच्या तोंडावर गाइड विकत घेतो, आणि कष्टाने लिहिलेल्या पुस्तकांची पाने कोरीच राहतात. शिकणारा एकटा पडतो तिथे मुक्त शिक्षण फक्त परीक्षेपुरते उरते.

या जिल्ह्यात प्रौढांचे सर्वांत खरे शिक्षण मला शेतीत दिसते. कळमनुरी तालुक्यातल्या तोंडापूरला कृषी विज्ञान केंद्र आहे, परभणीला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ. पण पद्धत म्हणून सर्वांत शिकण्यासारखी आहे ती शेतीशाळा. हिची सुरुवात १९८९ साली इंडोनेशियात झाली. भातावरच्या तपकिरी तुडतुड्यांवर वाटेल तशी औषधे मारून कीड वाढतच होती, तेव्हा शेतकऱ्यांनाच शेतात बसवून कीड आणि मित्रकीटक ओळखायला शिकवले गेले. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाने, ज्याला सगळे ‘पोकरा’ म्हणतात, हीच पद्धत २०१८ पासून पंधरा जिल्ह्यांत आणली. हिंगोली त्यातलाच एक. एका शेतकऱ्याच्या प्लॉटवर पेरणीपासून काढणीपर्यंत तेच शेतकरी पुन्हा पुन्हा जमतात. झाडे मोजतात, पाने उलटून पाहतात, फवारणी करायची की नाही हे आपसात ठरवतात. वर्ग पिकाबरोबर चालतो, म्हणून त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. जिथे कृषी सहायक मन लावून शेतीशाळा घेतो तिथे माणसे टिकतात. जिथे फोटो काढून हजेरीपत्रक भरले जाते तिथे ती दुसऱ्या बैठकीलाच गळतात.

असाच दुसरा चांगला नमुना म्हणजे बियाणे-खते-औषधे विकणाऱ्या कृषी सेवा केंद्रचालकांची ‘देसी’ पदविका. हैदराबादच्या मॅनेज संस्थेने २००३ साली ती सुरू केली. वर्षभराचा अभ्यासक्रम, पण वर्ग आठवड्यातून एकच दिवस, तोही बाजाराच्या सुट्टीचा, आणि मधूनमधून शेतभेटी. गावातला शेतकरी औषधाचा सल्ला आधी दुकानदाराला विचारतो, हे ओळखून दुकानदारालाच शिकवायचे ठरले, आणि त्याचे दुकान बंद पडणार नाही याची काळजी घेतली गेली. प्रौढांचा अभ्यासक्रम आखणाऱ्या प्रत्येकाने या वेळापत्रकाकडे पाहावे.

हळदीत शिकण्यासारखे किती आहे, हे बाहेरच्या माणसाला चटकन कळणार नाही. मे-जूनमध्ये बेण्याची निवड आणि बीजप्रक्रिया, पावसाळ्यात कंदमाशी, कंदकूज आणि करपा यांच्याशी झुंज, फेब्रुवारी ते एप्रिल काढणी, मग शिजवणी, वाळवणी, पॉलिश. कढईची जागा आता वाफेच्या बॉयलरने घेतली आहे. बॉयलर चालवणे हे कसबाचे आणि जोखमीचे काम, तरी बहुतेक जण ते दुसऱ्याचे पाहूनच शिकलेले. हळद नीट वाळून ओलावा दहा टक्क्यांच्या आत आला नाही तर बुरशी धरते, आणि स्वच्छ जागेवर वाळवली नाही तर बाजारात भाव पडतो. पावडर करून पाकिटात विकायची तर अन्न परवाना, लेबल, कुरकुमिनची तपासणी हे सारे आले. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. राष्ट्रीय हळद मंडळाचे काम जानेवारी २०२५ मध्ये निजामाबादला सुरू झाले. वसमतला तर बाळासाहेब ठाकरे हरिद्रा (हळद) संशोधन व प्रशिक्षण केंद्रासाठी राज्याने २०२२ साली १०० कोटी रुपयांची घोषणा केली. त्या नावातला ‘प्रशिक्षण’ हा शब्द माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा. केंद्राची इमारत आणि प्रयोगशाळा लागतीलच. पण बॉयलरवाला, हळद निवडणारी बाई, मोंढ्यातला हमाल आणि मुनीम, गटाची पावडर विकणारी अध्यक्ष यांना तिथे जागा मिळाली, तर त्या पैशाचे चीज झाले असे म्हणता येईल.

कौशल्य विकासाच्या योजना तर इतक्या आहेत की त्यांची नावेही लक्षात राहत नाहीत. तालुक्यांच्या शासकीय आयटीआय, १९ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्यात एकाच दिवशी सुरू झालेली ५११ प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रे, ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, ‘उमेद’ म्हणजे राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान आणि माविम म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळ यांचे बचत गट. अशा अनेक योजनांपैकी तीन गोष्टींवर थांबतो.

पहिली, ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था. कर्नाटकात उजिरे इथे १९८२ साली जन्मलेल्या कल्पनेवर जिल्ह्याजिल्ह्यांत बँकांनी त्या उभ्या केल्या. शेळीपालन, शिवण, मोटार रिवाइंडिंग, मोबाइल दुरुस्ती असे थोड्या दिवसांचे निवासी प्रशिक्षण फुकट, आणि नंतर दोन वर्षे पाठपुरावा, असा नियम. या दोन वर्षांतच शिकलेले टिकते की जाते, हे ठरते. म्हणून संस्थेचे यश मोजताना किती जण शिकून गेले यापेक्षा दोन वर्षांनी कितींचा धंदा चालू आहे, हे आधी विचारले पाहिजे.

दुसरी, पीएम विश्वकर्मा. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या या योजनेत सुतार, लोहार, कुंभार, गवंडी, शिंपी, न्हावी अशा अठरा व्यवसायांतल्या कारागिरांना पाच ते सात दिवसांचे मूलभूत प्रशिक्षण, रोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५ हजार आणि पाच टक्के व्याजाने एक लाखापर्यंत पहिले कर्ज मिळते. तिच्यात त्रुटी आहेत, नोंदणी-पडताळणीत माणसे हेलपाटे घालतात. पण एक तत्त्व तिने मान्य केले, त्याला दाद दिली पाहिजे: शिकायला बसलेल्या कारागिराची मजुरी बुडते, ती भरून द्यावी लागते. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. त्या हिशेबाने ५०० रुपये हा मानाचा आकडा आहे. फुकट प्रशिक्षण म्हणजे शिकणाऱ्याला खर्च नाही, ही समजूत इथे मोडली.

तिसरी, जुलै २०२४ मधली मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना. बारावीला ६, आयटीआय-पदविकेला ८ आणि पदवीधराला १० हजार रुपये महिना, आधी सहा महिने, नंतर वाढवून अकरा. मुले ग्रामपंचायतीत, शाळेत, कचेऱ्यांत राबली, आणि मुदत संपल्यावर कायम करा म्हणून रस्त्यावर उतरली. त्यांचा राग मला समजतो. कामाला माणसे मिळाली, पण त्या अकरा महिन्यांत कोण काय शिकवणार हे कुणी लिहून दिले नव्हते. प्रशिक्षणाच्या नावाखाली काम करून घेतले की प्रशिक्षणावरचा विश्वासच उडतो, आणि पुढच्या चांगल्या योजनेलाही त्याची किंमत मोजावी लागते.

वयाचा मुद्दा इथेच येतो. युवा कार्यप्रशिक्षण योजना पस्तिशीपर्यंत. लोकसेवा आयोगाच्या परीक्षांना खुल्या प्रवर्गात वयाची मर्यादा ३८, राखीव प्रवर्गात ४३. हिंगोली-वसमतच्या अभ्यासिकांतून पोलीस भरती आणि एमपीएससीची तयारी करणाऱ्यांची उमेद याच वर्षांत खर्च होते. मर्यादा ओलांडली की तो माणूस कुणाच्याच यादीत राहत नाही. हातात पदवी आहे, कसब नाही, घरी दोन मुले आहेत. शिकण्याची सर्वांत जास्त गरज त्याला त्याच दिवशी आहे. त्याच्यासाठी एकही खिडकी नसणे ही या व्यवस्थेतली सर्वांत मोठी उणीव आहे, असे माझे ठाम मत आहे.

बायकांचे आणखी वेगळे. ‘उमेद’च्या कृषी सखी, पशू सखी, बँक सखी आणि गावच्या आशा कार्यकर्त्या यांचे प्रशिक्षण टप्प्याटप्प्याने होते, शिकलेले लगेच गावात वापरायचे असते, म्हणून ते अंगवळणी पडते. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट झाले, त्याने तालुक्याला जाणे सोपे झाले. एवढ्या साध्या सवलतीने शिकण्याला जी चालना मिळते, ती अनेक मोठ्या योजनांनी मिळत नाही. लहान मूल घेऊन आलेल्या बाईसाठी प्रशिक्षणाच्या जागी पाळण्याची सोय केली, तर उपस्थिती किती वाढेल हे कुठल्याही सखीला विचारावे.

कसबाचा प्रश्न एका नव्या कामातही येतो: औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहते आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यांत जवळपास पूर्ण निर्वात पोकळी. असे काम वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन, वातानुकूलनाचे तंत्रज्ञ यांच्याशिवाय उभेही राहत नाही आणि चालतही नाही. औंढ्याच्या परिसरातल्या आयटीआय झालेल्या पण दुसऱ्याच कामात असलेल्या माणसांना आताच वरच्या दर्जाचे प्रशिक्षण दिले, तर ती या कामात शिरतील. नाही दिले, तर जमीन आपली आणि कसब बाहेरचे, हे पुन्हा घडेल. स्थानिकांच्या वाट्याला पहारा आणि झाडलोट येईल.

काम करणाऱ्याला शिकायला वेळ आणि पैसा कसा मिळेल, यावर जगात उपाय शोधले गेले आहेत. सिंगापूरने २०१६ साली पंचवीस वर्षांवरील प्रत्येक नागरिकाच्या नावे पाचशे डॉलर शिकण्यासाठी जमा केले. काय शिकायचे ते त्याने ठरवायचे. पण आपल्याला जवळचे उदाहरण डेन्मार्कचे आहे. तिथे १८४४ पासून निघालेल्या लोकशाळा शेतकऱ्यांच्या तरुण मुलांसाठी होत्या, आणि त्यांची सत्रे हिवाळ्यात, शेती थांबलेली असताना, भरत. मुलींची सत्रे उन्हाळ्यात. परीक्षेचे दडपण नसे. शेतकऱ्यांच्या देशाने शाळा पिकाच्या मागे ठेवली. हिंगोलीच्या शेतीलाही तिचा स्वतःचा सुस्त काळ आहे: खरिपाची खुरपणी आटोपल्यानंतरचे श्रावण-भाद्रपद, आणि हळद विकून झाल्यावर पेरणीपूर्वीचा मे महिना, जेव्हा ऊसतोडीची माणसेही घरी असतात. सरकारी निधी मात्र वर्षअखेरीला येतो आणि ३१ मार्चच्या आत खर्चायचा असतो. म्हणून जिल्ह्यातली बरीच प्रशिक्षणे नेमकी हळदीच्या ऐन धामधुमीत उरकली जातात.

जिल्हा नियोजन समिती आणि जिल्हाधिकारी कार्यालय यांना कुठल्याही नव्या योजनेची वाट न पाहता चार गोष्टी करता येतील. सगळ्या खात्यांच्या प्रशिक्षणांचे एकच वार्षिक वेळापत्रक पिकांचा हंगाम पाहून आखावे आणि ते जूनआधी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावे. दिवसभराच्या प्रत्येक प्रशिक्षणाला किमान रोजगार हमीएवढी मजुरी द्यावी. प्रत्येक तालुक्याच्या आयटीआयमध्ये रविवारी एक माणूस बसवावा, जो सतरा नंबरच्या फॉर्मपासून मुक्त विद्यापीठापर्यंत आणि विश्वकर्मापासून स्वयंरोजगार संस्थेपर्यंत सगळे एका ठिकाणी समजावून सांगेल. वय कितीही असो. आणि प्रत्येक प्रशिक्षणाचा अहवाल संपल्यावर नव्हे, दोन वर्षांनी मागावा. वाचकांपैकी जे सरपंच आहेत, बचत गटात आहेत, शाळा-महाविद्यालय चालवतात, त्यांनी पुढच्या ग्रामसभेत पहिली मागणी ही ठेवावी: आमच्या गावातले पुढचे प्रशिक्षण मार्चमध्ये नको, मे महिन्यात द्या.